व्यवसाय शिक्षणाच्या शाळा मोजण्यापेक्षा वर्कशॉपचे तास मोजा

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वर्षातून दोन-चारदा तरी पेपरात बातमी असते की अमुक इतक्या सरकारी शाळांत व्यवसाय शिक्षण सुरू झालं, यंदा तमुक इतक्या शाळा वाढल्या, सोबत फोटो, पाहुणे एखाद्या मशीनवर हात ठेवून उभे आणि पोरं मागे रांगेत. फोटोबद्दल माझी काही तक्रार नाही, पण तो आकडा वाचला की दर वेळी डोक्यात एकच येतं, की यातल्या एका पोराच्या हातात वर्षभरात अवजार किती तास येतं? शाळा किती ते सगळे सांगतात, तास किती ते बातमीत मी तरी अजून वाचलं नाही. मी स्वतः टेक्निकल शाळेत फिटिंगचा निदेशक, म्हणजे वर्कशॉपमध्ये शिकवणारा, होतो, आता रिटायर झालोय, म्हणजे वेळही आहे आणि साहेबांची भीतीही नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी थोडं मागचं. हाताने काम करत शिकायचं ही कल्पना काही नवीन धोरणाने आणलेली नाही. 1937 ला वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, 1952-53 च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळा सुचवल्या, 1964-66 च्या कोठारी आयोगाने कार्यानुभव सांगितला. 1986 च्या धोरणाने तर थेट टार्गेटच दिलं, अकरावी-बारावीच्या मुलांपैकी 10 टक्के 1990 पर्यंत आणि 25 टक्के 1995 पर्यंत व्यवसाय शाखेत. ते झालं नाही म्हणून 1992 ला तारखा पुढे ढकलल्या, 10 टक्के 1995 पर्यंत, 25 टक्के 2000 पर्यंत. मग 2020 चं धोरण आलं, त्यात शाळा-कॉलेज मिळून निदान 50 टक्के विद्यार्थ्यांना 2025 पर्यंत व्यवसाय शिक्षणाची ओळख करून द्यायची असं म्हटलंय. 2025 पण गेलं. त्याच धोरणात बाराव्या पंचवार्षिक योजनेचा (2012-2017) अंदाज दिलाय, की 19 ते 24 वयाच्या काम करणाऱ्यांत रीतसर व्यवसाय शिक्षण घेतलेले आपल्याकडे 5 टक्क्यांच्याही आत, आणि अमेरिकेत 52, जर्मनीत 75, दक्षिण कोरियात 96. हे आकडे आता प्रत्येक भाषणात असतात. (त्या 96 वर माझा जरा संशय आहे, प्रत्येक देश मोजताना कशाकशाला व्यवसाय शिक्षण धरतो ते वेगवेगळं असणार, पण ते राहू दे.)

आणि कार्यानुभव तर आपल्यातल्या बहुतेकांनी बघितलाय. वेळापत्रकात तास असायचा आणि त्या तासाला गणिताचे सर यायचे, पोर्शन राहिलाय म्हणून. वर्षाच्या शेवटी श्रेणी मात्र सगळ्यांना मिळायची, काय केलं म्हणून मिळाली ते विचारू नका.

आता तासांचं गणित. शाळेचा एक तास असतो 35-40 मिनिटांचा. वर्गातून वर्कशॉपमध्ये यायचं, हजेरी, अवजारं वाटायची, कोणाला कुठला व्हाइस (तुकडा घट्ट धरायचा शिकंजा) ते ठरवायचं, आणि शेवटी अवजारं मोजून परत घ्यायची, बेंच झाडायचं, यात निम्मा वेळ जातो, उरतात वीस मिनिटं. त्यात वर्गात मुलं पन्नास आणि व्हाइस दहा. फिटिंगमधला अगदी पहिला जॉब असतो, लोखंडी पट्टीचा तुकडा घ्यायचा, कानशीने घासून त्याच्या बाजू सपाट आणि काटकोनात आणायच्या, ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासायचा गुण्या) लावून उजेडासमोर धरायचा, फटीतून उजेड दिसला की परत घासायचा. दिसायला पोरखेळ. पण नवीन पोराची कानस सुरुवातीला झोपाळ्यासारखी वरखाली होते आणि तुकडा मधे फुगीर राहतो, तो हात सरळ व्हायला सलग तास लागतात, मधे निदेशकाने मागून येऊन कोपर धरून दाखवायला लागतं, आणि हे पन्नास जणांना वीस मिनिटांत कोणी करून दाखवलं तर मी त्याला माझं पेन्शन देईन. आयटीआयमध्ये एका बॅचला वीसेक मुलं ठेवतात ती काही उगाच नाही.

त्यामुळे ज्या शाळेत व्यवसाय विषयाला बाकीच्या विषयांसारखे सुटे सुटे तास लावलेत तिथे विषय आहे असं मी धरतच नाही. एक तर आठवड्यात एक सलग दिवस द्या नाहीतर निदान तीन-चार तास जोडून द्या आणि वर्गाच्या दोन बॅच करा. हे जमत नाही असं म्हणणाऱ्यांना सांगायचं तर पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 ला विज्ञान आश्रम काढला आणि तिथून शाळांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा जो कार्यक्रम तयार झाला त्यात आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातला एक दिवस हेच काम असतं. एक ट्रेड (धंदा) धरून बसायचं नाही, इंजिनीअरिंग, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, घर-आरोग्य असं चारी बाजूंचं थोडं थोडं करायचं, आणि केलेलं काम गावातल्या कोणाच्या तरी उपयोगाचं असलं पाहिजे, नुसता वहीतला जॉब नको. शिकवायलाही गावातलीच कारागीर माणसं. साध्या खेड्यातल्या शाळांत हे चाललंय, शाळांतला आताचा मल्टिस्किलचा (अनेक कौशल्यांचा) कोर्स त्यातूनच आला, म्हणजे कसं करायचं हे आपल्याला माहीत नाही असं अजिबात नाही.

आता एक गोष्ट जी बाहेरच्या माणसाला सांगून खरी वाटत नाही. शाळेत सामान येतं, चांगलं येतं, आणि कपाटात राहतं. का, तर डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाची नोंदवही. ड्रिल मशीन आलं, मल्टिमीटर आले, हॅमर, हॅक्सॉ, पकडींचे सेट आले की ते कोणाच्या तरी नावावर चढतात, शक्यतो सगळ्यात ज्युनिअर मास्तरच्या. पोरांनी वापरलं की तुटणार, मोडणार, एखादं हरवणार, शिकणं म्हणजेच ते आहे, कानस मोडल्याशिवाय कोणी फिटर झालेला मी बघितला नाही. पण तुटलं की खुलासा, निर्लेखनाचा, म्हणजे ते सामान रजिस्टरमधून कमी करायचा, प्रस्ताव, तो वर जाणार, त्रुटी काढून परत येणार, ऑडिटला विचारणा, आणि रिटायर होताना ना-देय (काही येणं बाकी नाही असा) दाखला अडकणार. याउलट अवजार दहा वर्षं खोक्यात राहिलं, गंजलं, तर कोणी एका शब्दाने विचारत नाही, कारण रजिस्टरमधली संख्या जुळते. मग शहाणा माणूस काय करेल? कुलूप लावेल. मी त्या मास्तरला दोष देत नाही, त्याच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही तेच केलं असतं. नियम असा पाहिजे की अमुक टक्के अवजारं दर वर्षी तुटणारच असं धरून मुख्याध्यापकांच्या सहीने तिथल्या तिथे निर्लेखन, आणि ज्या शाळेत वर्षभरात एकही कानस झिजली नाही, एकही ड्रिल बिट मोडला नाही, तिच्याकडून खुलासा मागवा. मी हे मीटिंगमध्ये बोललो होतो, सगळे हसले, मला वाटलं नोंद घेतील.

कच्च्या मालाचंही तेच. मशीनला एकदा पैसे मिळतात, रोजच्या खर्चाला मिळत नाहीत किंवा मार्चमध्ये मिळतात. पट्टी, वायर, सोल्डर, रॉड, कापड, बियाणं हे संपणारं सामान आहे, दर बॅचला नवीन लागतं. मार्चमध्ये आलेल्या पैशाने परीक्षा झालेल्या पोरांना काय शिकवायचं? आणि लेथला (लोखंड कातायच्या यंत्राला) थ्री फेज कनेक्शन लागतं, शाळेत असतं सिंगल फेज, हे मशीन पाठवायच्या आधी कोणी विचारलेलं नसतं. मग लेथ येतो, व्हरांड्यात उभा राहतो, दर वर्षी त्याला ऑइलपेंट.

शिकवणाऱ्या माणसाकडे येतो. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून जे कोर्स चालतात, ऑटोमोटिव्ह, रिटेल, ब्युटी अँड वेलनेस, आरोग्य सेवा, शेती वगैरे, त्यातले प्रशिक्षक बहुतेक कंत्राटी, एजन्सीमार्फत नेमलेले. एजन्सीचा करार संपला की मधले दिवस रिकामे, नवीन करार होईपर्यंत जूनचा ऑगस्ट होतो, कधी दिवाळी येते. पगार वेळेवर नाही, पुढच्या वर्षी आपण असू का माहीत नाही, आणि ज्याच्या हातात खरंच कला आहे तो वेल्डर किंवा मेकॅनिक या पगारावर का थांबेल, बाहेर त्याला जास्त मिळतात. जे थांबतात ते मनापासून करतात असं मी बघितलंय, पण शाळेत त्यांना स्टाफरूममध्ये खुर्ची सुद्धा कधीकधी नसते, ते 'स्किलवाले सर' असतात, कोणी रजेवर असेल तर त्या वर्गावर बसवायला. एखादा विषय शाळेत किती महत्त्वाचा आहे हे बघायचं असेल तर त्या विषयाचे सर कुठे बसतात ते बघावं, परिपत्रक वाचायची गरज नाही.

यातून आणखी एक होतं. ज्या स्किलला वर्कशॉप लागत नाही ती भराभर पसरतात. आयटी, एआय, रिटेल, जिथे कॉम्प्युटर लॅब आणि पुस्तक यावर भागतं. सीबीएसईमध्ये तर स्किल विषय सहावा घेतला आणि गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्र यातल्या एकात पोरगा नापास झाला तर त्या जागी हा विषय धरतात. पोरांच्या सोयीचं आहे, नाही म्हणत नाही, वर्ष वाचतं. पण त्यामुळे विषयाची किंमत गाडीच्या स्टेपनीएवढी होते, असावी बरोबर, चालवायची वेळ येऊ नये. खाजगी शाळांचं याने काही बिघडत नाही, त्यांची मुलं वर्कशॉपमध्ये जाणारच नव्हती. अडतं ते सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांचं, ज्यांना खरोखर हाताचं काम शिकायची संधी बाहेर विकत घेता येत नाही. अकरावी-बारावीचे आपले द्विलक्षी अभ्यासक्रम घ्या, एक भाषा आणि एक ऐच्छिक विषय सोडून 200 मार्कांचा इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स. कल्पना म्हणून उत्तम होती. आज कुठल्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स आहे आणि त्याला मुलं कशासाठी येतात ते विचारा, मार्कांसाठी.

आता मुद्द्याचा अवघड भाग, आणि तो न बोलता हे पत्र अर्धवट राहील. व्यवसाय शिक्षणाला गरिबांच्या शाळांतून विरोध का होतो? आईबाप सरळ म्हणतात, सर, आम्ही हेच केलं, पोराला तरी यातून सुटू द्या. सुशिक्षित लोक याला मानसिकता म्हणतात आणि मानसिकता बदलायला पाहिजे म्हणून लेक्चर देतात. मला ते पटत नाही. आईबापांना इतिहास माहीत असतो, पुस्तकातला नसेल पण अंगावरचा माहीत असतो. 1953 ला मद्रास राज्यात तिथले मुख्यमंत्री राजाजींनी (सी. राजगोपालाचारी) प्राथमिक शाळेसाठी योजना काढली होती, अर्धा वेळ शाळा आणि उरलेल्या वेळात मुलांनी घरचं काम, म्हणजे बापाचा धंदा शिकायचा. कुंभाराच्या पोराने चाकावर, चांभाराच्या पोराने चामड्यावर. लोक खवळले, हे तर जातीचं शिक्षण झालं म्हणाले, आणि 1954 ला राजाजी मुख्यमंत्रिपदावरून गेले आणि कामराज यांच्या काळात ती योजना गुंडाळली गेली. बरं झालं. हाताचं काम वाईट म्हणून नाही, तर दार एकाच दिशेला उघडत होतं म्हणून.

जर्मनीचं कौतुक करताना पण लोक हे विसरतात. तिथली दुहेरी पद्धत भारीच आहे, आठवड्याचे तीन-चार दिवस कंपनीत आणि एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत, पगारासकट, 1969 पासून त्याला देशभरासाठी एक कायदा आहे. पण बहुतेक राज्यांत चौथीनंतर, म्हणजे साधारण दहाव्या वर्षी मुलांची वेगवेगळ्या शाळांत वाटणी होते आणि त्यात शिकलेल्या घरची मुलं वरच्या शाळेत जास्त जातात, यावर तिकडेच किती वर्षं वाद चालू आहे. दहा वर्षांच्या पोराचं काय व्हायचं ते कसं ठरवणार? माझ्याकडे नववीत हातोडी धरायला घाबरणारा पोरगा दहावीत सगळ्यात स्वच्छ जॉब काढायचा.

आपल्याकडे वाटणी कागदावर नसते, वर्गात असते. ज्या मुलाला गणित-इंग्रजी येत नाही त्याला स्किलला पाठवा, हुशार मुलं विज्ञानाकडे. मुख्याध्यापकांनाही त्यात निकालाची टक्केवारी दिसते. म्हणजे विषय शिकायला येतानाच त्या पोराच्या कपाळावर शिक्का, आणि वर्कशॉपमध्ये मला असा वर्ग मिळायचा की ज्याला शाळेने आधीच सोडून दिलंय. व्हर्नियरवर (बारीक मापं घ्यायच्या साधनावर) 0.02 मिलिमीटर वाचायला डोकं लागत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा येऊन वाचून दाखवावं. व्यवसाय शिक्षण सगळ्यांपर्यंत पोचण्याचा खरा अर्थ हा, की वर्गात पहिला येणाऱ्या पोरीलाही वेल्डिंग शिकावंसं वाटलं तर तिला कोणी अडवू नये, आणि वेल्डिंग शिकणाऱ्या पोराला पुढे डिग्री करायची असेल तर त्यालाही कोणी अडवू नये.

दुसऱ्या बाजूचं, म्हणजे हाताच्या कामाकडून डिग्रीकडे जायचं, दार आपल्याकडे थोडंफार आहे, हे मान्य केलं पाहिजे. दोन वर्षांचा आयटीआय केला की डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो, डिप्लोमावरून इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मिळतो. माझे काही विद्यार्थी या शिडीने वर गेलेत. पण नववीच्या मुलांना हे सांगतं कोण? शाळेत कौन्सेलर नसतो, दहावीच्या निकालानंतर पेपरात जो करिअरचा चार्ट येतो तो बघून घरात भांडणं होतात तेवढंच मार्गदर्शन. शिवाय शाळेत चार वर्षं ऑटोमोटिव्ह शिकून आलेला पोरगा आयटीआयला मेकॅनिकच्या ट्रेडला गेला की पुन्हा पहिल्यापासून पाना कसा धरायचा तिथून सुरू. नववी ते बारावीचे स्तर ठरवलेत, क्रेडिटची भाषाही आहे, पण प्रवेशाच्या खिडकीवर ते सर्टिफिकेट दाखवलं तर समोरचा माणूस म्हणतो दहावीचं मार्कशीट द्या. स्वित्झर्लंडमध्ये साधारण दोन तृतीयांश मुलं व्यवसाय शिक्षणाच्या वाटेने जातात आणि तरी आईबाप घाबरत नाहीत, याचं एक मोठं कारण म्हणजे 1990 च्या दशकात त्यांनी व्यवसाय शिक्षणाला जोडून एक परीक्षा आणली जी पास झाली की उपयोजित विज्ञानाच्या विद्यापीठात जाता येतं. आधी वाट केली, मग लोकांची मनं वळली. आपण आधी लोकांची मनं वळवायला निघतो.

मुलींचं वेगळं लिहितो कारण इथे शाळा फार साळसूदपणे वागतात. दोन ट्रेड दिले की आपोआप एक मुलींचा होतो आणि एक मुलांचा. ब्युटी अँड वेलनेस मुलींना, ऑटोमोटिव्ह मुलांना, फॉर्मवर असं कुठेही लिहिलेलं नसतं, पण बाई वर्गात येऊन सांगतात "मुलींनो, तुम्ही इकडे". अमेरिकेत पण हेच होतं, मुलींना गृहविज्ञान आणि मुलांना वर्कशॉप, मुलींना वर्कशॉपमध्ये बसूच द्यायचे नाहीत, 1972 चा टायटल नाइन कायदा आला तेव्हा सरकारी पैशावरच्या शाळांना असं करणं बेकायदा झालं, आणि कायदा येऊन इतकी वर्षं झाली तरी वेल्डिंगच्या वर्गात मुली तिथेही थोड्याच असतात. म्हणजे नुसतं दार उघडून भागत नाही. साध्या साध्या गोष्टी असतात, वर्कशॉपजवळ मुलींचं टॉयलेट आहे का, कपडे बदलायला जागा आहे का, शाळा सुटल्यावर प्रॅक्टिकल ठेवलं तर शेवटची एसटी मिळते का. माझ्या वर्गात ज्या थोड्या मुली आल्या त्यांचं मार्किंग आणि फिनिशिंग मुलांपेक्षा सरस असायचं, घाई कमी म्हणून. अपंग मुलांचं तर विचारूच नका, बेंच सगळे एकाच उंचीचे, व्हीलचेअरवरचा मुलगा तिथे काम करू शकेल असा विचार डिझाइन करणाऱ्याच्या डोक्यातच आलेला नसतो.

आता प्रत्येक शाळेत वर्कशॉप काढायला पैसे नाहीत हे मलाही कळतं, आणि काढूही नये, दहा अर्धवट वर्कशॉपपेक्षा एक धड बरं. आपली टेक्निकल हायस्कूलं याच तत्त्वावर होती, आजूबाजूच्या शाळांची आठवी ते दहावीची पोरं टेक्निकल विषयापुरती आमच्याकडे यायची. 2020 च्या धोरणातही हेच हब अँड स्पोक नावाने लिहिलंय, एका शाळेत स्किल लॅब आणि बाकीच्या शाळांनी ती वापरायची. अमेरिकेत बऱ्याच भागात अशी सामाईक सेंटरं आहेत, पोरं अर्धा दिवस आपल्या शाळेत आणि अर्धा दिवस सेंटरमध्ये. फरक काय, तर तिथे शाळेची बस असते. आपल्याकडे हब कागदावर ठरतं आणि स्पोक स्वतःच्या पायाने चालत या. तीन-चार किलोमीटर सायकलवर मुलं येतीलही, आमच्याकडे यायची, पण पावसाळ्यात हजेरी निम्मी आणि मुलींना घरून परवानगी नाही. तेव्हा हबच्या बजेटमध्ये पहिली ओळ वाहतुकीची पाहिजे, मशीनची दुसरी. आणि आयटीआय, पॉलिटेक्निकची वर्कशॉपं रविवारी, सुट्टीत बंद असतात, तिथे शाळेच्या पोरांना का नाही न्यायचं? नेलं तर अपघात झाल्यास जबाबदार कोण, या एका प्रश्नावर सगळी फाइल अडते. विमा काढा ना. विम्याला मशीनपेक्षा कमीच पैसे लागतात.

जबाबदारीचा हाच घोळ गॅरेजवाल्यांचा. सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना शाळा, पोरांनी सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे जाऊन शिकायचं असं धोरणात आहे, वाचायला छान वाटतं. पण गॅरेजवाला विचारतो, साहेब, उद्या कोणी फोटो काढला आणि बालमजूर ठेवला म्हणून केस केली तर? त्याचं चुकत नाही. 14 ते 18 च्या मुलांना धोकादायक कामाला लावायला 2016 च्या दुरुस्तीने बंदी आहे आणि असलीच पाहिजे. पण शिकणं कुठे संपतं आणि राबवून घेणं कुठे सुरू होतं हे शाळेने लेखी द्यायला पाहिजे, मुलगा किती वाजता येईल, कुठल्या मशीनला हात लावणार नाही, सोबत शाळेचं कोण असेल, सही-शिक्क्याचं एक पान. तेवढं दिलं की निम्मे कारागीर तयार होतील, त्यांना शिकवायला आवडतं, कोणी मान देऊन बोलावत नाही एवढंच.

फिनलंडने 2021 ला सक्तीचं शिक्षण 18 वर्षांपर्यंत नेलं, तेव्हा पुस्तकांबरोबर कोर्सला लागणारी अवजारं आणि कामाचे कपडे सुद्धा मुलांना फुकट केले. हे मला फार आवडलं, कारण ज्याने कायदा लिहिला त्याला माहीत होतं की पोरगं कुठे अडकतं. आपल्याकडे कोर्स फुकट असतो, पण सेफ्टी शूज घरून आणा. नाहीतर चपलेवर उभं राहून ग्राइंडिंग करा.

पत्र लांबलं याची कल्पना आहे, तुम्ही कापालच, कापा, फक्त डेडस्टॉक रजिस्टरचा भाग तेवढा ठेवा, तो दुसरं कोणी लिहिणार नाही.

आणि एक विनंती तुमच्या बातमीदारांना. पुढच्या वेळी अशा उद्घाटनाची बातमी करायला गेलात की फोटो झाल्यावर पाच मिनिटं थांबा आणि तिथल्या कुठल्याही नववीच्या पोराला विचारा की या वर्षी तू स्वतःच्या हाताने काय बनवलंस, दाखव. शाळेकडे संपणाऱ्या सामानाचं रजिस्टर मागा, प्रशिक्षक कुठल्या महिन्यात रुजू झाले ते विचारा, वेळापत्रकात जोडून तास आहेत का बघा, आणि ट्रेडनुसार मुली किती ते लिहून घ्या. मागच्या वर्षी ज्या शाळांची बातमी छापली होती तिथे पण परत जा, न सांगता. प्रॅक्टिकलची खोली उघडून दाखवा म्हणा. किल्ली ज्यांच्याकडे असते ते बहुतेक त्या दिवशी रजेवर असतील, तर दुसऱ्या दिवशी परत जा.

आपला,
एक निवृत्त निदेशक